बचावपटूची कारकीर्द : राहुल भेके याच्या निमित्ताने



मैदानावर दोन संघ पाडले जातात तेव्हा एक गोष्ट हमखास दिसते. ज्याला चेंडू चांगला खेळता येतो तो पुढे जातो, आणि उरलेल्यांना "तू मागे उभा राहा" असे सांगितले जाते. मागे उभे राहणे ही जणू शिक्षाच! गोल करणाऱ्याला खांद्यावर घेतात, गोल वाचवणाऱ्या बचावपटूचे नाव घरी जाईपर्यंत कुणाच्या लक्षातही राहत नाही. क्रिकेटच्या मानाने फुटबॉलबद्दल आपल्याकडे लिहिले कमी जाते, त्यातही बचावपटूबद्दल फारच कमी. म्हणून या अंकात आम्ही एका मराठी बचावपटूची कारकीर्द समजून घ्यायचे ठरवले. तो म्हणजे मुंबईचा राहुल भेके. त्याच्या निमित्ताने या पेशात काय मिळते, काय सोसावे लागते आणि पालकांनी कोणती काळजी घ्यावी, हेही पाहू.

बचावपटूचे काम काय?

फुटबॉल संघात अकरा खेळाडू. त्यांत एक गोलरक्षक आणि त्याच्या पुढे साधारणपणे चार बचावपटू. मधल्या दोघांना सेंटर बॅक म्हणतात, तर डाव्या-उजव्या कडेच्या दोघांना फुलबॅक. सेंटर बॅक उंच, अंगाने भक्कम आणि डोक्याने चेंडू मारण्यात पटाईत असावा लागतो. फुलबॅकला दम हवा, कारण त्याला कडेने पुढे धावून हल्ल्यात मदत करायची असते आणि चेंडू हातचा गेला की तितक्याच वेगाने मागेही यायचे असते.

बुऱ्हाणपूरच्या मुलांना हे समजायला लांब जायला नको. शहरापासून वीसेक किलोमीटरवरचा असीरगड डोळ्यांसमोर आणा. 'दख्खनचा दरवाजा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गडाला एकामागे एक तीन टप्पे आहेत : खाली मलयगड, मध्ये कमरगड आणि सर्वांत वर असीरगड. शत्रूने पहिला टप्पा ओलांडला तरी दुसरा समोर उभा. फुटबॉलमधला चांगला बचावही असाच असतो. आघाडीचे आणि मधल्या फळीचे खेळाडू पहिला अडथळा घालतात, बचावफळी दुसरा, आणि शेवटी गोलरक्षक. अकबराने १६०१ मध्ये हा गड घेतला तो दीर्घ वेढ्यानंतर, आणि त्यातही लाच देऊन दरवाजे उघडवले असे सांगतात. मैदानावरही बळाने न फुटणारी बचावफळी एखाद्याच्या क्षणभराच्या ढिलाईने फुटते.

बचावपटूच्या हाती बळाखेरीज एक नियमही असतो, तो म्हणजे ऑफसाइड. प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्या मैदानात, सहकाऱ्याने चेंडू पुढे दिला त्या क्षणी, आघाडीचा खेळाडू चेंडूच्याही पुढे आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्याही पुढे असेल आणि खेळात भाग घेईल, तर तो ऑफसाइड ठरतो. म्हणून चारही बचावपटू एका रेषेत, एकमेकांकडे पाहत सरकतात. एकजण जरी मागे रेंगाळला, तरी सापळा फसतो. १९२५ पूर्वी या नियमात दोनऐवजी तीन प्रतिस्पर्धी मोजले जात. नियम बदलताच गोल भराभर होऊ लागले आणि संघांना बचावात एक माणूस वाढवावा लागला. पुढे १९९२ मध्ये आणखी एक बदल झाला. सहकाऱ्याने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घ्यायचा नाही, असे ठरले. तोपर्यंत अडचणीत सापडलेला बचावपटू चेंडू मागे देऊन मोकळा होत असे. आता त्याला स्वतःच चेंडू खेळता यावा लागतो. "ज्याला खेळता येत नाही तो मागे" ही आपली समजूत किती जुनी झाली आहे, हे यावरून ध्यानात येईल.

मुंबई ते बेंगळुरू

राहुल भेकेचा जन्म मुंबईतला, ६ डिसेंबर १९९०चा. आय-लीगमध्ये खेळणाऱ्या मुंबई एफसी या संघातून तो पुढे आला. नंतर कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडून खेळला. त्या काळी इंडियन सुपर लीग आणि आय-लीग या दोन स्पर्धा वर्षाच्या वेगवेगळ्या महिन्यांत होत, त्यामुळे एकच खेळाडू एका वर्षात दोन संघांकडून खेळू शकत असे. राहुलही २०१५ मध्ये केरळ ब्लास्टर्सकडून आणि २०१६ मध्ये एफसी पुणे सिटीकडून सुपर लीग खेळला. थोडक्यात, पंचविशीपर्यंत त्याने मुंबई, कोलकाता, कोची आणि पुणे अशी चार गावांची मैदाने पालथी घातली होती. पण भारताच्या संघाची जर्सी अजून अंगावर आली नव्हती.

२०१७ मध्ये तो बेंगळुरू एफसीकडे गेला आणि त्याच्या कारकिर्दीला वळण लागले. एप्रिल २०१८ मध्ये भुवनेश्वरला सुपर कपचा अंतिम सामना झाला. समोर होता त्याचाच जुना संघ, ईस्ट बंगाल. बेंगळुरू एका गोलने मागे असताना राहुलने बरोबरीचा गोल केला आणि पुढे बेंगळुरूने सामना ४-१ असा जिंकला.

त्याआधी महिनाभरच, १७ मार्च २०१८ रोजी, बेंगळुरू सुपर लीगच्या अंतिम सामन्यात स्वतःच्या घरच्या मैदानावर चेन्नईयिनकडून २-३ असा हरला होता. चेन्नईयिनच्या तीन गोलांपैकी दोन मैल्सन अल्वेस या त्यांच्या बचावपटूने डोक्याने केले होते. बरोबर एक वर्षाने, १७ मार्च २०१९ रोजी, बेंगळुरू पुन्हा अंतिम फेरीत पोचला. मैदान होते मुंबईच्या अंधेरीतले, म्हणजे राहुलच्या जन्मगावातले, आणि समोर होता एफसी गोवा. नव्वद मिनिटे गोल नाही. जादा वेळही संपत आला. अखेर ११७व्या मिनिटाला डिमास डेलगाडोने कॉर्नर घेतला आणि राहुलने उसळून चेंडू डोक्याने जाळ्यात धाडला. बेंगळुरू १-० ने विजेता! वर्षापूर्वी ज्या प्रकारच्या गोलांनी चषक हुकला होता, तशाच गोलाने तो हाती आला.

बचावपटू पुढे जाऊन गोल कसा करतो, असे मुले विचारतील. कॉर्नर किंवा फ्री किकच्या वेळी चेंडू गोलासमोर उंचावरून येतो. तेव्हा उंच उडी मारणारे बचावपटू मुद्दाम पुढे बोलावले जातात. त्यांची जागा तेवढ्यापुरती दुसरे सांभाळतात. ही आयत्या वेळची हुशारी नव्हे. कोणी कुठून धावायचे, कोणी कोणाला अडवून वाट मोकळी करायची, हे सरावात आधीच ठरलेले असते.

अठ्ठाविसाव्या वर्षी भारताची जर्सी

त्या गोलानंतर तीनच महिन्यांत, ५ जून २०१९ रोजी, थायलंडमधल्या किंग्ज कप स्पर्धेत क्युरासाओविरुद्ध राहुल भारताकडून पहिला सामना खेळला. वय होते अठ्ठावीस. तो सामना भारत १-३ असा हरला. पण १० सप्टेंबर २०१९ रोजी विश्वचषक पात्रता फेरीत भारताने दोह्यात कतारला ०-० असे रोखले. कतार त्याच वर्षी आशियाचा विजेता ठरलेला, आणि सामनाही त्यांच्या घरी. त्या दिवशी राहुल उजव्या कडेला होता आणि डाव्या कडेला गोव्याचा मंदार राव देसाई. मंदार हा मुळात आघाडीला कडेने खेळणारा. पुढे प्रशिक्षकांनी त्याला मागे आणले आणि त्या जागेवरूनच तो भारताच्या संघात पोचला. "मागे उभा राहा" म्हटले की हिरमुसणाऱ्या मुलांनी हे नाव लक्षात ठेवावे.

सतरावे मिनिट

आता नाण्याची दुसरी बाजू. ३ जून २०२१ रोजी त्याच दोह्यात, त्याच कतारविरुद्ध पुन्हा पात्रता सामना होता. नवव्या मिनिटाला राहुलला पहिले पिवळे कार्ड मिळाले. सतराव्या मिनिटाला चेंडू हाताला लागल्यामुळे दुसरे मिळाले. दोन पिवळी मिळून एक लाल, आणि राहुल मैदानाबाहेर! उरलेला सव्वा तास भारत दहा खेळाडूंनिशी लढला आणि ०-१ असा हरला.

आघाडीच्या खेळाडूने सोपी संधी दवडली तर लोक चुकचुकतात आणि विसरतात, कारण त्याला पुढची संधी मिळणार असते. बचावपटूची चूक मात्र फलकावर लिहिली जाते. त्याने एकोणनव्वद मिनिटे काय अडवले ते कुणी मोजत नाही. बाकीच्या जगातही असेच आहे. वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला 'बॅलन डी'ऑर' हा मानाचा पुरस्कार देतात. १९५६ पासून तो दिला जातो आहे, पण पुरुषांमध्ये तो आजवर तीनच बचावपटूंना मिळाला : जर्मनीचे फ्रान्झ बेकेनबाउर (१९७२ आणि १९७६) आणि मथियास झामर (१९९६), तसेच इटलीचा फाबिओ कॅनावारो (२००६).

लाल कार्डानंतर राहुलची कारकीर्द थांबली असती तर हा लेख लिहायचे कारण उरले नसते. त्याच वर्षी तो मुंबई सिटी एफसीकडे आला. ११ एप्रिल २०२२ रोजी आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध मुंबई सिटी एक गोल खाऊन मागे पडला होता. पेनल्टीवर बरोबरी झाली आणि ७५व्या मिनिटाला राहुलच्या हेडरने सामना २-१ असा फिरवला. त्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत भारतीय क्लबचा हा पहिलाच विजय होता. २०२२-२३ मध्ये मुंबई सिटीने लीग शील्ड जिंकली. ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानला त्यांच्याच प्रेक्षकांसमोर ३-१ असे हरवून मुंबई सिटीने सुपर लीगचा चषक उचलला, तेव्हा कर्णधार होता राहुल भेके.

राष्ट्रीय संघाकडून पहिला गोल करायला त्याला याहून जास्त वाट पाहावी लागली. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी हैदराबादला मलेशियाविरुद्ध त्याने बरोबरीचा गोल केला, तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. १९ मार्च २०२५ रोजी शिलाँगला मालदीववर भारताने ३-० असा विजय मिळवला. सोळा महिन्यांनंतरच्या या पहिल्या विजयातला पहिला गोल राहुलचाच.

एका दृष्टिक्षेपात

२०१५ : केरळ ब्लास्टर्स
२०१६ : एफसी पुणे सिटी
२०१७ ते २०२१ : बेंगळुरू एफसी (सुपर कप २०१८, सुपर लीग २०१८-१९)
जून २०१९ : भारताकडून पहिला सामना
२०२१ ते २०२४ : मुंबई सिटी एफसी (लीग शील्ड २०२२-२३, सुपर लीग चषक २०२३-२४)
२०२४ : पुन्हा बेंगळुरू एफसी (२०२४-२५ च्या सुपर लीगमध्ये उपविजेता)

पोटापाण्याचा प्रश्न

इथपर्यंत वाचून एखादा विद्यार्थी "मीही व्यावसायिक खेळाडू होणार" असे घरी जाहीर करील. त्याला नाउमेद करण्याची आमची इच्छा नाही. पण पालकांना खरे चित्र ठाऊक असायला हवे.

पहिली गोष्ट, खेळाडूचा पगार क्लबवर अवलंबून, आणि आपल्याकडे क्लब बंद पडतात. महिंद्र समूहाचा संघ १९६२ पासून मुंबईत होता. २००५-०६ मध्ये त्याने राष्ट्रीय लीगही जिंकली होती. २०१० मध्ये तो बंद झाला. राहुल जिथून पुढे आला तो मुंबई एफसी २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली घसरला आणि पुढे बंद पडला. तो जिथे खेळला तो एफसी पुणे सिटीही २०१९ मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. अगदी अलीकडे, २०२५ मध्ये, सुपर लीगच्या व्यावसायिक हक्कांच्या कराराचा घोळ झाला आणि नेहमी सप्टेंबरच्या सुमारास सुरू होणारा मोसम वर्ष संपेपर्यंत सुरूच झाला नाही. त्या ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने आपल्या मुख्य संघातील खेळाडूंचे व कर्मचाऱ्यांचे पगार थांबवल्याचे जाहीर केले. म्हणजे भारताकडून खेळणाऱ्यालाही पुढच्या महिन्याची खात्री देता येत नाही.

दुसरी गोष्ट, ही कारकीर्द पस्तिशीच्या आसपास संपते. इतर नोकऱ्यांत माणूस याच वयात स्थिरावू लागतो. म्हणून शिक्षण सोडून खेळ, असा सौदा आम्हाला पटत नाही. खेळ संपल्यावरही प्रशिक्षक, पंच, शारीरिक शिक्षण शिक्षक, फिजिओथेरपिस्ट अशी कामे असतात, पण त्या प्रत्येकासाठी शिक्षण किंवा परवाना लागतोच. मूळच्या गोव्याच्या महेश गवळी या एकेकाळच्या नामांकित बचावपटूने खेळणे थांबवल्यावर प्रशिक्षणाचा मार्ग धरला. २०२३ च्या सॅफ स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मुख्य प्रशिक्षक निलंबित असताना भारताच्या संघाची सूत्रे त्याच्याच हाती होती.

डोक्याची काळजी

तिसरी गोष्ट आरोग्याची, आणि ती बचावपटूंना सर्वांत जास्त लागू पडते. स्कॉटलंडमध्ये माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंचा मोठा अभ्यास झाला. मेंदूची झीज करणाऱ्या आजारांनी मृत्यू येण्याचे प्रमाण या खेळाडूंत इतरांच्या साडेतीन पट असल्याचे २०१९ मध्ये पुढे आले. २०२१ मध्ये त्याच अभ्यासाच्या पुढच्या भागात असे दिसले की खेळण्याच्या जागेनुसार हा धोका बदलतो. बचावपटूंत तो सर्वाधिक, सुमारे पाच पट होता, तर गोलरक्षकांत जवळपास सामान्य माणसाइतकाच. चेंडू वारंवार डोक्याने मारणे हे त्यामागचे कारण असावे असा संशय आहे. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर मारण्यास मनाई केली. इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या सरावातून हेडर वगळले गेले.

याचा अर्थ मुलांना खेळू देऊ नये असा नाही. लहान मुलांनी चेंडू पायानेच खेळावा. मोठ्या मुलांनी हेडरचा सराव मोजका आणि शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली करावा. चेंडू फार घट्ट भरू नये. आणि डोक्याला मार लागून चक्कर, उलटी किंवा गोंधळल्यासारखे वाटले तर त्या दिवशी खेळ तिथेच थांबवून डॉक्टरांना दाखवावे. "काही होत नाही रे, उठ" हे वाक्य अशा वेळी कुणीही उच्चारू नये.

शाळेतून पुढचा रस्ता

लहान गावातल्या मुलाला वर जाण्याचा सर्वांत सरळ रस्ता शाळेतूनच जातो. सुब्रतो मुखर्जी चषक ही आंतरशालेय स्पर्धा भारतीय वायुदलाच्या पुढाकाराने १९६० पासून होत आहे. त्यात मुलींचाही गट आहे. जिल्हा आणि राज्य पातळीवर जिंकत गेलेली शाळा देशपातळीच्या फेरीत पोचते. तिथे मोठ्या अकादमींची माणसे खेळाडू हेरायला येतात. या वाटेवर चांगली चांगली मुले अडखळतात ती वयाच्या कागदपत्रांवर. जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधार यांवर नाव आणि तारीख एकच असायला हवी. वयाची वैद्यकीय तपासणीही होऊ शकते. तेव्हा वय कमी दाखवण्याच्या मोहात पालकांनी पडू नये. त्यात नुकसान मुलाचेच होते.

मुलींच्या पालकांना आणखी एक सांगावेसे वाटते. भारतीय महिला संघाचे नेतृत्व केलेली मणिपूरची आशालता देवी बचावपटूच आहे. अंगाची ताकद हीच बचावाची अट असती तर लहान चणीच्या खेळाडूंना तिथे जागाच उरली नसती. योग्य वेळी योग्य जागी असणे ही खरी अट, आणि ती मुलामुलींना सारखीच.

शेवटी

सुपर लीगचा चषक मिळवून देणारा गोल अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याच वर्षी भारताची जर्सी, तिसाव्या वर्षी लाल कार्ड, तेहतिसाव्या वर्षी कर्णधार म्हणून चषक आणि भारतासाठी पहिला गोल. राहुल भेकेच्या आयुष्यातली ही वर्षे पाहिली की एक गोष्ट उमगते. बचावपटू उशिरा पिकतो. आंब्याला जून लागतो, तसा याला अनुभव लागतो. पंधराव्या वर्षी निवड झाली नाही म्हणून मुलाला "तुझ्याने होणार नाही" असे म्हणण्याची घाई पालकांनी करू नये, आणि पंधराव्या वर्षी निवड झाली म्हणून शाळेचे दप्तर माळ्यावर टाकण्याचीही घाई करू नये.

विश्वस्तांना आमची एवढीच विनंती : बक्षीस समारंभात सर्वाधिक गोलांच्या बक्षिसाशेजारी उत्तम बचावपटूसाठीही एक बक्षीस ठेवावे. खर्च एका छोट्या चषकाचा. पण पुढच्या वेळी संघ पाडताना एखादा मुलगा किंवा मुलगी आपणहून म्हणेल, "मी मागे खेळतो", "मी मागे खेळते". तेवढे झाले तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.